पेनड्राइव्हमध्ये शंभर जीबी रिकामे, तरी फाइल का जात नाही?

प्रश्न असा आला आहे: आमचं सानपाड्याला सीएचएचं, म्हणजे मालाची कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटाचं ऑफिस आहे. न्हावाशेवा बंदराच्या कामाचे सगळे कागद स्कॅन करून आम्ही ‘स्कॅन’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाकतो. आज त्यात २ लाख ४० हजारांच्या आसपास पीडीएफ आहेत. नवा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आणून त्यात एक फोल्डर केला आणि कॉपी लावली, तर १३,१०६ फाइली गेल्या आणि ‘फाइल किंवा डिरेक्टरी तयार करता येत नाही’ असा संदेश आला. शंभर जीबीहून जास्त जागा शिल्लक होती. दुसरा पेनड्राइव्ह आणला, तरी नेमका तोच आकडा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा ६ जीबीचा बॅकअप तर सुरुवातीलाच नाकारला जातो. ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवर सगळ्यांना मिळून वापरायच्या डिस्कच्या पेटीवर) काही लांब मराठी नावांच्या फाइली चढत नाहीत, आणि मूळ ‘स्कॅन’ फोल्डर उघडायला इतका वेळ लागतो की ऑफिसातली मुलं कंटाळतात. दुकानदार म्हणतो, पेनड्राइव्ह डुप्लिकेट असेल. खरं काय?

ताई, पेनड्राइव्ह डुप्लिकेट नाही. डुप्लिकेट माल वेगळा वागतो: तो फाइली निमूटपणे घेत राहतो आणि खरी क्षमता संपल्यावर आतला मजकूर बिघडवतो. दोन वेगळे पेनड्राइव्ह एकाच आकड्यावर थांबले, याचा अर्थ अडवणारी गोष्ट चिपमध्ये नसून फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइलींच्या नोंदी ठेवायच्या पद्धतीत आहे. तुम्ही तो आकडा नीट मोजून कळवलात हे फार बरं केलंत. १३,१०६ या एका आकड्यावरून तुमचा पेनड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा आहे हे तर कळतंच, शिवाय तुमच्या फाइलींची नावं साधारण किती लांब आहेत हेसुद्धा सांगता येतं.

ते कसं, ते आधी बघू. फोल्डर म्हणजे फाइली ठेवायची पेटी नव्हे, ती एक नोंदवही आहे. फाइलीचा मजकूर डिस्कवर दुसरीकडे कुठेतरी असतो. फोल्डरमध्ये फक्त तिचं नाव, आकार, तारीख आणि मजकूर कुठून सुरू होतो एवढी नोंद असते. फॅट-३२ मध्ये या वहीची प्रत्येक ओळ ३२ बाइटची आणि एका वहीत जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी. त्यातल्या दोन ओळी फोल्डरच्या स्वतःच्या आणि वरच्या फोल्डरच्या नोंदीत जातात. उरल्या ६५,५३४.

मग ६५ हजार फाइली तरी जायला हव्या होत्या, असं वाटेल. इथे नावाची लांबी आडवी येते. मूळच्या डॉस पद्धतीत फाइलीचं नाव आठ अक्षरं आणि पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन एवढंच असायचं, आणि ते एका ओळीत मावायचं. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा लांब नावांची सोय करायची होती, पण जुने प्रोग्रॅमही चालू राहायला हवे होते. तेव्हा अशी युक्ती केली गेली की लांब नावाचे १३-१३ चिन्हांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा वहीतल्या एका जादा ओळीत लिहायचा, आणि त्या ओळींवर अशी विचित्र खूण करायची की जुना डॉस त्या ओलांडून पुढे जाईल. शिवाय आखूड नावाची एक ओळ प्रत्येक फाइलीला ठेवायचीच.

तुम्ही फाइलीच्या नावाचा नमुनाही पाठवलाय: ‘बिल ऑफ एंट्री ४८१२३७५ दिनांक १२-०६-२०२३ पान ०१’. काना, मात्रा, अनुस्वार, पायमोडका हलन्त ही सगळी संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हं असतात. तशी मोजली तर ही ४६ होतात, पुढचा टिंब आणि पीडीएफची तीन अक्षरं धरून ५०. तेरा-तेराचे चार तुकडे, आणि आखूड नावाची एक ओळ, म्हणजे एका फाइलीला पाच ओळी. ६५,५३४ भागिले ५ केलं की पूर्ण फाइली येतात १३,१०६. वही तिथे संपली. पेनड्राइव्हवर अजून शंभर जीबी असली तरी या फोल्डरमध्ये नवं नाव लिहायला ओळच उरली नाही. विंडोज त्या वेळी जो लांबलचक एरर क्रमांक दाखवतं, त्याच्या शेवटी बहुधा ८००७००५२ असेल. तो याच प्रकारचा.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. कॉपी सुरुवातीला भराभर चालते आणि पुढे पुढे रेंगाळते. त्याचं कारण असं की नवी फाइल लिहिण्याआधी त्याच नावाची फाइल आधीपासून आहे का, हे तपासावं लागतं, आणि फॅट-३२ मध्ये अनुक्रमणिका नसल्यामुळे वही पहिल्या ओळीपासून वाचत यावी लागते. फाइली दुप्पट झाल्या की एकूण वाचन जवळपास चौपट होतं. म्हणून मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी काम जड होतं.

६ जीबीच्या बॅकअपचं कारण त्याच ३२ बाइटच्या ओळीत आहे. तिथे फाइलीचा आकार लिहायला ३२ बिट, म्हणजे ४ बाइटच राखलेले आहेत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. चार जीबीला एक बाइट कमी. फॅट-३२ विंडोज ९५ च्या १९९६ च्या आवृत्तीबरोबर आलं तेव्हा घरगुती संगणकांच्या अख्ख्या डिस्क एक-दोन जीबीच्या असायच्या. एकच फाइल चार जीबीच्या वर जाईल, ही काळजी त्या वेळी कोणाला असायचं कारण नव्हतं.

इथे एक धोका मला ठळकपणे सांगायचा आहे. विंडोजच्या एक्सप्लोररमधून कॉपी केली तर त्याला फाइलीचा आकार आधीच माहीत असतो, म्हणून ते सुरुवातीलाच नकार देतं. हे बरं. पण काही बॅकअप प्रोग्रॅम थेट पेनड्राइव्हवर थोडं थोडं लिहीत जातात. ते चार जीबीपर्यंत पोहोचतात आणि तिथे अडकतात. प्रोग्रॅम नीट लिहिलेला नसेल तर अर्धवट फाइल तशीच मागे राहते आणि नाव-तारीख बघून आपल्याला वाटतं की बॅकअप झाला. सीएचएला नियमाप्रमाणे कागदपत्रं किमान ५ वर्षं जपावी लागतात. असा अर्धवट बॅकअप त्या काळात कधी लागला तर हाती काहीच येणार नाही. फॅट-३२ वर नेमकी चार जीबीच्या आसपास थांबलेली फाइल दिसली की ती अपुरी आहे असंच धरून चाला.

नौपाड्यातले लग्नाचे व्हिडिओ करणारेही हेच विचारतात, म्हणून जाता जाता सांगतो. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केलं तर चार जीबी पावणेसहा मिनिटांच्या आत भरतात. कॅमेऱ्यात ३२ जीबीपर्यंतचं कार्ड असेल तर ते ठरलेल्या मानकानुसार फॅट-३२ असतं, म्हणून कॅमेरा एकाच शॉटचे तुकडे करून ठेवतो. ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट या फॅट-३२ नंतरच्या फाइल सिस्टीमची असतात, त्यामुळे त्यांवर ही चार जीबीची भिंत नसते.

आता उपाय. पेनड्राइव्ह वेगवेगळ्या संगणकांत फिरवायचा असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा जे गेलंय ते आधी बाजूला काढा. एक्सफॅटमध्ये फाइलीच्या आकाराला ६४ बिट आहेत, म्हणजे तुमच्या आयुष्यात ती मर्यादा येणार नाही. एका फोल्डरची वही तिथे २५६ एमबीपर्यंत वाढू शकते. तुमच्या नावाच्या फाइलीला तिथे सहा ओळी लागतात, म्हणजे सुमारे १३ लाख ९८ हजार फाइली. तुमचे २ लाख ४० हजार सहज जातील.

पण एक्सफॅटबद्दल दोन गोष्टी माहीत असूद्या. एक, त्यात जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नसतं. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपटला किंवा लाइट गेली तर फाइल सिस्टीम बिघडण्याची शक्यता विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमपेक्षा जास्त. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम ऑफिसमध्ये सगळ्यांना लावा. दुसरी गोष्ट बारीक फाइलींची. ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोज एक्सफॅट करताना आपणहून १२८ केबीचा क्लस्टर ठेवतं. क्लस्टर म्हणजे जागा देण्याचं सर्वांत लहान माप. दोन केबीची फाइल ठेवली तरी १२८ केबी अडतात. अशा दहा लाख फाइली असतील तर मजकूर दोन जीबीचा, आणि अडलेली जागा १३१ जीबी. तुमच्या पीडीएफ शे-दोनशे केबीच्या वर असतील तर त्रास कमी, पण ईमेलच्या एकेक फाइली किंवा एक्सएमएलचा ढीग असेल तर तो आधी झिप करून ठेवा. झिपच्या जुन्या प्रकारालाही ४ जीबी आणि ६५,५३५ फाइलींची मर्यादा होती. झिप-६४ आल्यापासून ती गेली, आणि आजची साधनं झिप-६४ आपोआप वापरतात.

फक्त विंडोजच्याच संगणकांत वापरायची बाहेरची हार्डडिस्क असेल, तर माझं मत सरळ एनटीएफएसच्या बाजूने आहे. जर्नल आहे, परवानग्या ठरवता येतात, आणि लहान क्लस्टरमुळे जागा वाया जात नाही.

आता तुमचा मूळ फोल्डर. तो एनटीएफएसवर आहे, आणि तिथे कोणतीही कागदी मर्यादा तुम्ही ओलांडलेली नाही. नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर एक फाइल १६ टीबीपर्यंत जाऊ शकते आणि अख्ख्या ड्राइव्हवर चार अब्जांहून अधिक फाइली राहू शकतात. एनटीएफएसची फोल्डरची वही झाडासारख्या रचनेत लावलेली असते, त्यामुळे नाव माहीत असेल तर लाखो फाइलींतूनही ती एक फाइल चटकन सापडते. मग उघडायला वेळ का लागतो? कारण तुमची मुलं एक फाइल मागत नाहीत, ती फोल्डर उघडतात. एक्सप्लोररला २ लाख ४० हजार नावं आणावी लागतात, ती क्रमाने लावावी लागतात, आणि मोठ्या आयकॉनचा व्ह्यू असेल तर दिसणाऱ्या प्रत्येक पीडीएफच्या पहिल्या पानाचं चित्र बनवावं लागतं. त्यात अँटिव्हायरस डोकावतो. आणि हे सगळं वायफायवरून दुसऱ्या संगणकाच्या शेअर्ड फोल्डरवर चाललेलं असतं. लिहून ठेवलेली मर्यादा आणि रोजच्या कामाची मर्यादा या वेगळ्या असतात. माणसांनी उघडून बघायच्या फोल्डरमध्ये काही हजारांच्या वर फाइली जाऊ देऊ नयेत, असं मी सगळ्यांना सांगतो.

एनटीएफएसमधला एक जुना भारही इथे लागू होतो. ते अजूनही प्रत्येक लांब नावाला डॉसच्या पद्धतीचं एक आखूड नाव बनवू शकतं. फोल्डरमध्ये तीन लाख किंवा जास्त फाइली असतील, आणि विशेषतः नावांची पहिली सहा अक्षरं सारखी असतील, तर हे बंद करा असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. तुम्ही त्या आकड्याच्या जवळ आला आहात, आणि तुमची सगळी नावं ‘बिल ऑफ’नेच सुरू होतात. एफएसयूटिल या कमांडने ते बंद करता येतं. मात्र ते नव्या फाइलींनाच लागू होतं, जुनी आखूड नावं तशीच राहतात. एखादं फार जुनं सॉफ्टवेअर आखूड नावांवर चालत असेल तर आधी ते बनवणाऱ्याला विचारा.

तरी खरा उपाय फोल्डर फोडणं हाच. तो कसा फोडायचा, यात संगणकापेक्षा ऑफिसच्या सवयीचा विचार आधी करावा. बरेच जण तारखेनुसार सांगतात: वर्ष, महिना, दिवस. बँकेच्या पावत्यांना ते ठीक. पण तुमच्याकडे पार्टीचा फोन येतो तेव्हा कोणी ‘१२ जूनचा कागद’ मागत नाही, जॉब नंबर सांगतात. म्हणून आर्थिक वर्ष, त्यात शंभर-शंभर जॉबचे गट, आणि त्यात प्रत्येक जॉबचा स्वतःचा फोल्डर, अशी मांडणी तुम्हाला योग्य पडेल. समजा पाच वर्षांचे २ लाख ४० हजार कागद, म्हणजे वर्षाला ४८ हजार. एका जॉबला बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, डिलिव्हरी ऑर्डर असे सरासरी बारा कागद धरले तर वर्षाला ४ हजार जॉब. म्हणजे ‘२०२३-२४’ मध्ये ४० गट, प्रत्येक गटात १०० जॉब, प्रत्येक जॉबमध्ये डझनभर पीडीएफ. कोणतीही पातळी उघडली तरी एका नजरेत मावते. आणि जॉब नंबर फोल्डरच्या नावात गेला की फाइलीचं नाव ‘इन्व्हॉइस पान ०१’ एवढंच पुरतं. हीच मांडणी एखाद्या दिवशी नाइलाजाने फॅट-३२ च्या पेनड्राइव्हवर न्यावी लागली तरी अडणार नाही, कारण ६५,५३६ ओळींची मर्यादा प्रत्येक फोल्डरला वेगळी असते.

खूप फोल्डर आत आत गेले की विंडोजची दुसरी एक मर्यादा लागते. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतचा अख्खा पत्ता २६० चिन्हांत बसावा लागतो. २०१६ नंतरच्या विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवता येते, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते मानत नाही. म्हणून पातळ्या तीन-चारच ठेवा आणि वरच्या फोल्डरांची नावं आखूड ठेवा.

आता नॅस. तुमच्या नॅसच्या आत लिनक्स आहे. विंडोज नावाची लांबी चिन्हांमध्ये मोजतं, २५५ पर्यंत. लिनक्सच्या ईएक्सटी-४ किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीम ती बाइटमध्ये मोजतात, आणि तिथेही आकडा २५५ च आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे इंग्रजी नावांत हा फरक कधी दिसतच नाही. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘न्हावाशेवा’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. या हिशेबाने मराठी नावाला ८५ चिन्हांची मर्यादा पडते. तुमच्या ‘पत्रव्यवहार’ फोल्डरमधल्या नावांत पार्टीचं पूर्ण नाव, मालाचं वर्णन आणि विषय असं सगळं आहे, ती नावं सहज शंभर चिन्हांच्या पुढे जातात. विंडोजला ती चालतात, नॅसला चालत नाहीत. आणि नॅसवरचा शेअर्ड फोल्डर ईक्रिप्टएफएस पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते. म्हणजे मराठीत जेमतेम ४७ चिन्हं.

यावर ‘इंग्रजीत नावं ठेवा’ असं सांगणारे भेटतील. त्याची गरज नाही. मराठीत नाव असलं की नवीन मुलालाही कागद लगेच ओळखता येतो, तो फायदा सोडू नका. नाव ४० चिन्हांच्या आत ठेवा आणि मालाचं वर्णन, पार्टीचा पत्ता वगैरे तपशील जॉब रजिस्टरच्या एक्सेलमध्ये लिहा. तिथे तो शोधताही येतो.

नॅस लिनक्सवर आहे म्हणून आणखी एक गोष्ट तपासून घ्यायला सांगा. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीचा सर्व्हर ‘जागा शिल्लक नाही’ म्हणत बंद पडला होता, आणि डिस्क चौथ्या हिश्श्याएवढीच भरलेली. ईएक्सटी-४ मध्ये प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे तिच्या नोंदीची एक जागा लागते आणि आयनोडांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या मापाने दर १६ केबीमागे एक. १०० जीबीच्या भागात असे सुमारे साडेपासष्ट लाख आयनोड होतात. त्या सर्व्हरवर एका प्रोग्रॅमने इवल्याशा तात्पुरत्या फाइली लाखांनी साठवल्या होत्या. प्रत्येकीने ४ केबी जागा घेतली आणि एक आयनोड घेतला. २५ जीबी भरेपर्यंत आयनोड संपले. नुसती डीएफ कमांड दिली तर बाइटचा हिशेब दिसतो, तिला ‘आय’ हा पर्याय जोडला की आयनोडचा. दोन्ही बघायला हवेत. लिनक्सच्याच एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये आयनोड लागतील तसे तयार होतात, म्हणून फार बारीक फाइलींच्या सर्व्हरला मी ते निवडतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी एका एनटीएफएस हार्डडिस्कवर ‘स्कॅन’ची जशीच्या तशी कॉपी घ्या, माउसने ओढून नव्हे तर विंडोजच्या रोबोकॉपी या कमांडने, कारण मध्ये थांबलं तर ते राहिलेल्या फाइलींपासून पुढे जातं. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्ही बाजूंना जुळतात का ते बघा. मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा जॉब रजिस्टरमध्ये प्रत्येक पीडीएफचा पत्ता साठवलेला आहे का, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. असेल तर फाइली हलवल्या की ते दुवे तुटतील, तेव्हा पत्ते बदलायचं काम त्याच वेळी करून घ्यावं लागेल. त्यानंतर नव्या कागदांसाठी जॉबनुसार फोल्डर आजपासून सुरू करा आणि जुने कागद शनिवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, एकेका वर्षाने स्क्रिप्टने हलवा. एकाच ड्राइव्हवर हलवताना फक्त नोंद बदलते, मजकूर हलत नाही, त्यामुळे वाटतं तितका वेळ लागत नाही. हिशेबाचा ६ जीबीचा बॅकअप एक्सफॅट किंवा एनटीएफएसवर घेतल्यावर तो दुसऱ्या संगणकावर एकदा रिस्टोअर करून उघडून बघा. तो उघडला आणि सगळ्या वर्षांच्या फाइलींची संख्या जुळली, की मगच जुना ‘स्कॅन’ फोल्डर काढा.